गायकवाडबाईंची सूनबाई

आमच्या भागात एक्स-रेला एक्स-रे कोणी म्हणत नाही. फोटो म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, कमरेचा फोटो. आणि फोटो म्हटला की माणूस तयारी करून येतो. एकदा एक म्हातारी कमरेच्या फोटोला आली ती डोक्याला तेल लावून, घट्ट अंबाडा घालून, नवं लुगडं नेसून. मी तिला घालायला गाऊन दिला तर रुसली.

"मंग ह्ये नेसले कशाला?"

गायकवाडबाई आतून ओरडल्या, "आजी, तोंड येत नाय गं यात. नुसती हाडं येतात."

म्हातारीनं नव्या लुगड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग हाडं तरी बरी येऊ देत."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर दिवसभर कोणी आत आलं की त्या म्हणत, "या, हाडं बरी काढते तुमची."

मी खालापूरजवळच्या त्या दवाखान्यात साफसफाईला होते. एक्स-रेच्या खोलीत बायकांना गाऊन घालून देणं, गळ्यातलं-हातातलं काढून ठेवायला सांगणं हेही माझ्याकडं होतं. मला चार लोकांत बोलता येत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. हे लिहिते आहे ते पेटीत ठेवायला. गायकवाडबाईंबद्दल तोंडानं सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

बाई एक्स-रे काढायच्या. ठेंगण्या, अंगानं रुंद, आणि आवाज असा की बाहेरच्या बाकावरचा माणूस बोलावल्याशिवाय उठून उभा राही. रोज मोहोपाड्याहून मिनीडोअरनं यायच्या. त्या तीन चाकांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची ठरलेली होती. बुद्धपौर्णिमेला वंदना करून पांढऱ्या साडीतच कामावर यायच्या आणि त्या साडीवर शिशाचा जड एप्रन चढवायच्या. डबा उभ्यानं खायच्या. एप्रन घालून इतकी वर्षं काढल्यावर बसलं की उठवत नाही, असं म्हणायच्या. थंडीत पेशंटची पाठ टेकायची ती गार फळी आधी स्वतःच्या तळहातांनी चोळायच्या. मी विचारलं नव्हतं, तरी मला म्हणाल्या, "सुगंधे, गार लागलं की माणूस आखडतो. आखडला की खोटा उभा राहतो."

किरणांच्या बाबतीत त्या फार कंजूष. एका फोटोत काम झालं पाहिजे, दुसरा काढायची वेळ आली तर त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. लोकांना हे कुठलं माहीत! एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आलोच हाय तर मानेचाबी काढा की."

"जत्रेत आलाव काय? एकावर एक घ्यायला?" बाई म्हणाल्या. "किरण उगाच मारायचं नाय. डॉक्टरांनी कंबर सांगितलीय, कंबर घ्या नि घरी जा."

मग आमच्याकडं ते नवीन आलं. म्हात्रे डॉक्टर हाडांचे, पेणचे, वयानं तरुण. त्यांनी एका सकाळी सगळ्यांना जमवून सांगितलं की आता कण्याचा फोटो निघाला की कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम तो आधी बघणार. मणका न् मणका ओळखून त्याच्या कडा आखणार आणि कणा किती वाकला आहे त्याचा आकडा सांगणार. मागचा आणि आत्ताचा फोटो ताडून बघणार. "याला एआय म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

बाकावर एक काका मान धरून बसले होते. ते शेजारणीला म्हणाले, "कोनाची आय?"

"डाक्टरची आसंल."

"डाक्टरची आय बघनार व्हय आपला फोटो? तिला कळतं काय त्यातलं?"

डॉक्टर लाल झाले. गायकवाडबाई पुढं झाल्या. "काका, आय नाय ती. आय असती तर लेकरू नुसतं दारात उभं राह्यल्यावर तिला समजलं असतं कुठं दुखतंय. ही सून हाय. आजच आलीय घरात. हुशार हाय, शिकलेली हाय, पन घरातलं तिला अजून काय ठावं नाय."

त्या दिवसापासून तिचं नाव सूनबाई पडलं. डॉक्टरसुद्धा विचारायला लागले, सूनबाईचा रिपोर्ट आला का. एकदा इंटरनेट गेलं तेव्हा बाईंनी कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, "तुमची सून सकाळपासून रुसून बसलीय." तो माणूस बिचारा म्हणाला, "मॅडम, रॉंग नंबर."

सुरुवातीला बाई तिला एकटं सोडत नव्हत्या. दुपारी गर्दी ओसरली की जुने फोटो काढायच्या, शाळेतल्या पोरांचा असतो तसला कोनमापक आणि पेन्सील घेऊन स्वतः रेषा मारायच्या, आकडा काढायच्या आणि मग सूनबाईचा आकडा बघायच्या. जुळला की "शाब्बास". नाही जुळला की आधी स्वतःची रेष परत मारायच्या. कधी यांची चुकलेली असायची, कधी तिची. यांची चुकली की म्हणायच्या, "सुगंधे, दार लाव गं. सासूची चुकली."

ती चुकायची ती साध्याच गोष्टींत. भिवपुरीकडच्या एका गावातले आजोबा आले होते. कंबर धरली होती. अंगावर धातूचं काही नाही ना, असं बाईंनी विचारलं, तर ते "नाय नाय" म्हणाले. फोटो निघाला आणि सूनबाईनं लिहिलं की पाठीत धातूची पट्टी आहे, ऑपरेशन झालेलं दिसतं. आजोबांचा मुलगा बापाकडं बघायला लागला. "आबा, कदी झालं तुमचं ऑपरेशन? आमाला कसं ठावं नाय?"

आजोबा घाबरून स्वतःची पाठ चाचपायला लागले. "माला बी ठावं नाय रं!"

बाईंनी गाऊनची नाडी जरा सैल करायला लावली. आत चांदीचा करदोटा. म्हाताऱ्यानं तो मुद्दाम लपवला होता. आमच्याकडं पुरुष माणूस जिवंतपणी कंबर मोकळी ठेवत नाही. जुना करदोटा काढायचा तर आधी नवा बांधायचा. हे सूनबाईला कोण सांगणार? आणि बाईंनाही त्या दिवशी ते सुचलं नव्हतं. त्यांनी मला धाडलं, चौकातल्या दुकानातून काळ्या दोऱ्याचं रीळ आणवलं. मुलाच्या हातानं आधी दोरा बांधवला, मग चांदीचा काढवला. दुसरा फोटो काढावा लागला म्हणून बाई दुपारी जेवल्या नाहीत. ते रीळ मात्र कायम त्यांच्या टेबलाच्या खणात राहिलं. नंतर कमरेचा फोटो म्हटला की पुरुषांना त्या आधीच सांगत, "दोरा हाय माझ्याकडं. लाजू नका."

कंपनीनं सांगितलं होतं की लोकांची परवानगी असली तर त्यांचे फोटो नाव काढून पाठवायचे, त्यावर सूनबाई आणखी शिकेल. दुसरं कोणी असतं तर अंगठा घेऊन मोकळं झालं असतं. बाई एकेकाला बसवून समजावून सांगायच्या. एक आदिवासी आजी म्हणाली, "माज्या हाडावरना शिकनार? मी त शालंचा तोंड नाय पाह्यला."

बाई म्हणाल्या, "तुमच्या पाठीनं जल्मभर लाकडं वाह्यली, लावणी केली. ही शिकलीय शेरातल्या पाठींवर. तुमची पाठ तिला कोन दाखवनार?"

"दाव मंग. शिकू दे."

आता सायलीचं सांगते. गायकवाडबाई म्हटलं की मला सायलीच आठवते.

सायली साजगावची. आई मंगल तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला. मुलगी सातवीत असताना शाळेच्या तपासणीत दिसलं की एक खांदा वर आहे, एक खाली. आमच्याकडं आणली. कणा बाजूला वळत होता. म्हात्रे डॉक्टरांनी मंगलला नीट समजावलं. आत्ता वाक थोडा आहे. मुलगी वाढते आहे, तिच्याबरोबर हाही वाढू शकतो. सहा महिन्यांनी परत फोटो काढू. वाढला असेल तर कडक पट्टा घालावा लागेल, दिवसरात्र, उंची वाढायची थांबेपर्यंत. आणि फारच वाढला तर ऑपरेशन.

मंगलनं तेवढा शेवटचा शब्द घरी नेला.

सहा महिन्यांनी मायलेकी आल्या. मी गाऊन घालून दिला. पोरगी आत गेली, उभी राहिली, फोटो निघाला. थोड्या वेळानं सूनबाईचा आकडा आला. मागच्यापेक्षा कमी. मंगलनं तोंडाला पदर लावला आणि हसायलाच लागली. बाईसुद्धा "शाब्बास गं पोरी" म्हणाल्या. मंगल चौकात पेढे आणायला गेली.

डॉक्टरांनी सायलीला कमरेत वाकायला सांगितलं, हात खाली सोडून. मागून पाठ बघितली. मग परत बघितली. बाईंना हाक मारली.

"बाई, आकडा कमी आलाय. पण पाठीचा उंचवटा मागच्यापेक्षा जास्त आहे. दोन्ही खरं कसं असेल?"

बाईंनी वाकून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "सूनबाई चुकली," म्हणाल्या. "आज लक्ष नाय तिचं." आणि तरातरा आत जाऊन कोनमापक काढला. रेषा मारल्या. त्यांचा आकडा आला, तोही कमीच. पुसून परत मारल्या. तेवढाच. सून बरोबर होती.

पेन्सील ठेवून बाई बसल्या. त्यांना खुर्चीत बसलेलं मी क्वचितच बघितलं होतं. काचेतून बाहेर बाकाशी सायली दिसत होती. गाऊन काढून गणवेश घातला होता, भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचत उभी होती. एका पायावर भार, एक खांदा पडलेला, कंबर एका बाजूला गेलेली. बाई उठून तिच्यापाशी गेल्या.

"सायले, मगाशी आत कशी उभी होतीस? दाखव जरा."

पोरगी उभी राहिली. टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, छाती पुढं, मान वर, सगळं अंग दोरीनं वर ओढल्यासारखं. श्वास कोंडलेला. कवायतीत सावधान म्हटल्यावर राहतात तशी, त्याहून जास्त. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"कोनी शिकवलं गं असं?"

"कोनी नाय. मीच. आरशासमोर करते रोज." मग ती श्वास सोडून म्हणाली, "आई म्हनली, फोटो चांगला आला तर ऑपरेशन नाय करनार."

मंगल पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं.

बाई डॉक्टरांकडं वळल्या. "सूनबाईची काय चूक नाय. तिला दाखवलं ते तिनं मोजलं. दाखवनारी मी. सरळ उभी राह्यली म्हनून मीच खूश झाले."

डॉक्टर म्हणाले, चूक कोणाची ते राहू द्या, मलाही ती आत कशी उभी आहे हे बघायला यायला हवं होतं. फोटो परत काढावा लागेल. दुसरा फोटो त्यांना किती लागतो ते मला माहीत होतं. पण बाईंनी काही म्हणायच्या आधी मंगलच उसळली.

"कशाला परत? चांगला आलाय ना? मशीननं सांगितलंय कमी हाय. तुमी पन सांगितलंव. मंग र्‍हाऊ द्या ना तोच!"

"मंगल, तो फोटो हाय. तिची पाठ तिच्याजवळ हाय, ती घेऊन ती घरी जानार."

"तुमाला काय जातं बोलायला? तुमची पोर नाय ती."

मला वाटलं बाई आता आवाज चढवणार. त्यांनी मंगलच्या हातातला पुडा घेतला, बाकावर ठेवला आणि तिच्या शेजारी बसल्या. "नाय माझी," म्हणाल्या. "म्हनून मला घाबरायला वेळ नाय. तू घाबर. मी बघते."

सायली म्हणाली, "मी नाय उभी राहनार." आणि बाकाची कड धरून बसली.

बाईंनी तिला ओढलं नाही. जवळ बसून भलतंच विचारायला लागल्या. शाळेला कशी जातेस, मैत्रीण कोण, टेंपोची वाट बघत कुठं उभं राहता. मग बोलत बोलत तिला आत नेलं, खोलीत दोन-तीन फेऱ्या मारायला लावल्या. "टेंपो अजून येत नाय. लय उशीर झाला. कशी उभी असतेस तेव्हा? मैत्रिणीची चाडी कर मला." सायली कोणा ऋतुजाचं सांगायला लागली, ती पट्टी घेते आणि परत देत नाही. सांगता सांगता तिचा खांदा पडला. बाई काचेमागून म्हणाल्या, "आता हलू नको, श्वास सोड," आणि बटण दाबलं.

आकडा वाढलेला आला. मागच्यापेक्षा बराच. ऑपरेशनच्या खाली होता, पण पट्टा चुकणार नव्हता.

सायलीला ते कळल्यावर ती रडली नाही. बाईंच्या समोर येऊन म्हणाली, "तुमी माझा फोटो बिघडवला!"

"व्हय, बिघडवला," बाई म्हणाल्या. "आता पाठ नाय बिघडू देनार. बघू कोन जिंकतं."

पट्टा म्हणजे कडक प्लास्टिकचं चोळीसारखं कवच, काखेपासून कमरेखालपर्यंत. मुंबईहून करून आणला. आमच्याकडच्या उकाड्यात तो दिवसभर घालणं म्हणजे काय ते घालणाऱ्यालाच ठाऊक. सायली तो शाळेच्या वाटेवर काढून दप्तरात कोंबायची. कातडी सोलवटली होती. मंगल कामावर, बघणार कोण?

बाईंचं घर मोहोपाड्याला, साजगाव अगदी उलट्या दिशेला. तरी शनिवारी काम सुटलं की त्या आधी साजगावला जायच्या. दोन-तीनदा मलाही नेलं. पट्ट्याच्या आत बनियन उलटा घालायचा, म्हणजे शिवण टोचत नाही, हे त्यांनी स्वतः एका दिवसात शोधून काढलं. खोलीत जाऊन तो पट्टा स्वतःच्या अंगाला बांधायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडकला, आणि सायली महिन्यानंतर पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

पण हसली म्हणून ऐकत होती असं नाही.

"मी नाय घालनार. पोरं कासव म्हनतात."

"कासवाला विचार, कवच काढून ठेवतं काय."

"उन्हाळ्यात तरी काढू द्या ना!"

"हाडांना काय सुट्टी लागलीय? ती वाढतायत की."

"मी तुमच्याशी बोलनार नाय."

"नको बोलूस. रुस. पन पट्टा घालून रुस."

ती खरंच दोन शनिवार बोलली नाही. बाई जात राहिल्या, मंगलशी गप्पा मारून, पट्ट्याचे बंद ओढून बघून परत यायच्या. मिनीडोअर मिळायची नाही म्हणून एकदा भर पावसात उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी शिंकत कामावर. मी एवढंच म्हणाले, "बाई, कशाला एवढं?" तर म्हणाल्या, "मी फोटो परत काढला नसता तर ती आज सुखात असती. त्या सुखाचं काय झालं असतं ते मला म्हायत हाय."

त्या दिवसापासून एक्स-रेच्या खोलीची रीतही बदलली. कण्याच्या पेशंटला आधी चालवायचं, बोलतं करायचं, मग टिपायचं. आणि 'फोटो' हा शब्द बाईंनी त्या खोलीत बंद केला. कोणी म्हटलं तर दंड म्हणून एक फेरी जास्त. म्हात्रे डॉक्टरांनी कंपनीला कळवलं. पुढं कधीतरी असं झालं की सूनबाई आकडा सांगण्याआधी पडद्यावर विचारायला लागली, पेशंट कसा उभा होता, आधार धरला होता का, पट्टा कधी काढला. बाईंनी मला हात धरून दाखवलं. "बघ गं सुगंधे, विचारायला लागली. आता संसार करील."

सायली मोठी होत गेली. दर खेपेला आकडा यायचा तेव्हा मंगल देवाचं नाव घेत बाहेर थांबायची आणि बाई आत कोनमापक घेऊन. एकदा थोडा वाढला, त्या खेपेला सायलीनं स्वतःच सांगितलं की सहलीला पट्टा नेला नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. त्याचा तिला जास्त राग आला. त्यानंतर मात्र तिनं पट्टा दप्तरात घातला नाही.

शेवटचा फोटो ती अकरावीत असताना निघाला. त्याच महिन्याअखेरी बाई निवृत्त होणार होत्या. डॉक्टरांनी हाडांची वाढ बघितली, आता वाढायचं राहिलं नाही म्हणाले. सूनबाईनं आकडा दिला. बाईंनी रेषा मारल्या. डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीनं बघितलं. तिघांचं जवळपास एकच आलं. पट्टा बांधला तेव्हा होता तिथंच वाक थांबला होता.

मंगल म्हणाली, "म्हंजे सरळ नाय झाला?"

"नाय झाला," बाई म्हणाल्या. "थांबवला. पोरीनं थांबवला."

डॉक्टर म्हणाले, पट्टा आता हळूहळू सोडायचा, आज घरी जाताना नका घालू, वर्षानं येऊन दाखवायचं. मंगल रडायला लागली. सायली मात्र गोंधळून उभी होती. दोन्ही हात कमरेला लावून चाचपत होती, काहीतरी हरवल्यासारखं.

संध्याकाळी मी फाटकापाशी झाडत होते. बाई घरी निघाल्या होत्या. सायली मागून आली. "बाई, स्टॉपपर्यंत येते तुमच्यासंगं." मंगल रिकामा पट्टा काखेत धरून मागं थांबली.

दोघी रस्त्याला लागल्या. चार पावलांवर बाई थांबल्या.

"तू पुढं हो."

"का?"

"चाल गं. माझ्याकडं बघू नको. चाल."

सायली चालायला लागली. आधी हात कमरेलाच होते, मग सुटले. एक खांदा अजून जरासा वर होता. ओढणी त्या बाजूनं घसरत होती आणि ती चालता चालता सारखी करत होती. तिच्या चालण्यात सावधान कुठंच नव्हतं. बाई रस्त्याच्या कडेला पर्स छातीशी धरून उभ्या.

मोहोपाड्याची मिनीडोअर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. त्यानं हॉर्न वाजवला. "बाय, येताव ना? भरलीय गाडी."

"थांब रं," बाई म्हणाल्या, पण मान वळवली नाही.

सायली स्टॉप ओलांडून बरीच पुढं गेली होती. थांब असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं.